आई कामाला, मूल कुणाकडे?

(कळंब येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यान)



या स्मृती व्याख्यानासाठी मला आधी जो विषय सुचवला गेला तो असा होता : ‘आईने मुलासाठी घरी राहावं की नोकरी करावी?’ मी तो बदलून मागितला. हा प्रश्न पडायला घरात दुसऱ्या कुणाचा तरी पुरेसा पगार यावा लागतो, आणि घरी राहणारी बाई काम करत नाही असा समज असावा लागतो. कळंबच्या आसपासच्या वाड्यांवर पहिली गोष्ट क्वचित सापडते आणि दुसरी कुठेच खरी नाही. आवणीच्या दिवसांत बाळंतीण किती आठवड्यांनी चिखलात उतरते हे इथे कुणाला सांगायला नको. दिवाळी झाली की कातकरी कुटुंब वीटभट्टीवर जातं ते जोडीनं जातं, कारण उचल दोघांच्या हातांवर घेतलेली असते. एकजण थापणार, दुसरं माती मळणार आणि विटा वाहणार. तिथे आई घरी राहते म्हणजे काय? घरच भट्टीवर गेलेलं असतं.

पलीकडे नेरळच्या बाजूला नव्या इमारती उभ्या राहिल्यात. तिथल्या आईचा प्रश्न दिसायला वेगळा आहे. तिच्याकडे पदवी आहे, नोकरी आहे, किंवा होती. नेरळहून सीएसएमटीला लोकलने जवळपास दोन तास. म्हणजे आठ तासांच्या नोकरीला बारा तास मोजायचे. सासू गावाला, आई सांगलीला, आणि बालवाडी सुटते साडेअकराला. अशी बाई नोकरी सोडते तेव्हा आपण म्हणतो, तिनं मुलासाठी त्याग केला. त्याग कसला? तिचं गणितच बसलं नाही. मूल शाळेत जाऊ लागल्यावर पाच-सहा वर्षांनी ती परत काम शोधायला निघते, तेव्हा तिला आधीच्या पगाराच्या निम्म्यावर या, असं सांगितलं जातं. मधली वर्षं जणू ती झोपली होती.

भट्टीवरची आई आणि लोकलमधली आई एकमेकींना ओळखत नाहीत. पण दोघींची अडचण एकाच जागी आहे. मूल सांभाळणाऱ्या संस्थेचे तास आणि आईच्या कामाचे तास यांचा मेळ नाही. आज मला बोलायचंय ते याच मेळाबद्दल, आणि मधल्या तासांत मूल ज्यांच्या हाती असतं त्या बायकांबद्दल.

सध्या ते मूल कुणाच्या हाती असतं? आजीच्या, असं उत्तर येतं, आणि ते निम्मं खरं आहे. पण आपल्या वाड्यांवरची आजीसुद्धा मजुरीला जाते. उरलेलं उत्तर आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर बसलेलं असतं. मी शिकवत होते तेव्हा पटावरच्या मुली भावाला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या. आत घेतलं तर तपासणीला आलेल्या साहेबांची भुवई चढे. बाहेर ठेवलं तर मुलगी दुसऱ्या दिवसापासून येत नसे. गैरहजेरीच्या कारणात आम्ही ‘घरकाम’ लिहायचो. ते घरकाम म्हणजे एक अख्खं मूल होतं. एका आईची मजुरी टिकावी म्हणून एका मुलीची शाळा सुटत होती, आणि सगळा व्यवहार घरातल्या घरात होत असल्यामुळे तो कुठल्याही हिशेबात येत नव्हता.

हा गुंता कुणी आधी पाहिला नव्हता का? पाहिला होता, आणि आपल्यापासून फार लांब नाही, जुन्या ठाणे जिल्ह्यातच. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि तिथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. ताराबाईंचं नाव बालशिक्षणाच्या पुस्तकात येतं, पण त्यांच्या आयुष्याकडे आजच्या विषयाच्या बाजूने कुणी फारसं पाहत नाही. १९१४ च्या पदवीधर. लग्न झालं, मुलगी झाली, संसार मोडला. १९२१ च्या सुमाराला ही बाई लहान मुलीची आई असताना एकटीच्या जबाबदारीवर राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजची प्राचार्य म्हणून काम करत होती. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेली, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत सहभागी झाली, मग मुंबईत दादरला शिशुविहार. म्हणजे जिला आपण बालशिक्षणाची आद्य शिक्षिका मानतो, ती स्वतः मूल सांभाळत नोकरी करणारी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई होती. त्या काळी लोक काय बोलले असतील याची कल्पना आजही करता येते, कारण बोलणं फारसं बदललेलं नाही.

बोर्डीला त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका होत्या. एकीच्या पदरात मूल, पण संसार नाही, दुसरीला मूलच नाही, आणि या दोघींनी मिळून महाराष्ट्राला लहान मुलं कशी वाढवायची ते शिकवलं. आईपण पोटातूनच यावं लागतं असं म्हणणाऱ्यांनी हे जरा ध्यानात ठेवावं.

बोर्डीत त्यांनी बालवाडी काढली, पण हरिजनवाड्यातली मुलं येईनात. शिक्षकाची नेहमीची तक्रार इथे सुरू होते : यांना शिक्षणाचं महत्त्व नाही. ताराबाईंनी तक्रार केली नाही. त्यांनी बालवाडी उचलून वाड्याच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती ही. माँटेसोरीचं महागडं साहित्य बाजूला ठेवलं. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवर मोजणी आणि रंग शिकवले. पुढे १९५०च्या दशकात काम कोसबादच्या टेकडीवर वारली वस्तीत गेलं. तिथे दिसलं की पहिली-दुसरीच्या वयाची मुलं शाळेत येत नाहीत, कारण मुलगे गुरांमागे जातात आणि मुली भावंडं सांभाळतात. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेले आणि तिथेच शाळा भरली. भावंडांसाठी जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एका आवारात आणली. विकासवाडी म्हणतात तिला. मुलीने भावाला घेऊन यायचं, त्याला पाळण्यात द्यायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि आपण वर्गात बसायचं. आई मोकळी, मुलगी मोकळी, आणि तान्ह्या बाळाला आठ वर्षांच्या बहिणीपेक्षा जाणत्या बाईचे हात.

यातली शहाणीव कशात आहे? ताराबाईंनी मुलाचा प्रश्न आईच्या कामापासून तोडला नाही. मुलगी शाळेत का येत नाही, याचं उत्तर त्यांनी तिच्या वहीत शोधलं नाही, तिच्या कडेवर शोधलं.

बाहेरच्या जगातही हे असंच सुरू झालं होतं. मारिया माँटेसोरींचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो भागात उघडलं. ते एका गरीब वस्तीच्या चाळीत. आईबाप दिवसभर कामावर, मुलं जिन्यांत हुंदडून भिंती खराब करत, म्हणून इमारतीच्या मालक मंडळींना त्यांना कुठेतरी गोळा करायचं होतं. पुढे जगभर श्रीमंतांच्या मुलांची ओळख बनलेली ही पद्धत कामगार आयांच्या गरजेतून जन्मली. आणि त्या माँटेसोरीबाईंनी स्वतःचा मुलगा मारिओ लहानपणी दुसऱ्यांच्या घरी वाढायला ठेवला होता, कारण लग्नाशिवाय झालेलं मूल जवळ ठेवून त्या काळी डॉक्टरकी करता आली नसती. आता ‘माँटेसोरी’ अशी पाटी लावून अडीच तासांत मूल परत देणाऱ्या शाळांनी हा इतिहास एकदा वाचावा, एवढीच विनंती.

मग २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना आणली. देशभरात ३३ प्रकल्पांनी सुरुवात झाली. केंद्राचं नाव ठेवलं अंगणवाडी. आपल्याकडचं, बोर्डीतलं नाव देशाला मिळालं याचा अभिमान वाटतोच. पण नाव घेतलं आणि पाळणा मागे राहिला. अंगणवाडीत शिकायला बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला घरी शिजवायचा शिधा मिळतो, लस मिळते, वजन होतं. दिवसभर सांभाळणारं कुणी बहुतेक ठिकाणी मिळत नाही. आणि मोठ्यांची अंगणवाडीही दुपारपर्यंत आटोपते. शेतात गेलेली बाई दुपारी परतत नाही. म्हणजे ज्या आईसाठी अंगण निवडलं होतं, तिच्या कामाचे तास योजनेच्या वेळापत्रकात कधी आलेच नाहीत. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. लसीकरण आणि आहारात तिने पुष्कळ दिलं आहे. पण ती मुलाकडे पोषणाचं, वजनाचं एक शरीर म्हणून पाहते. कामावर गेलेल्या बाईचं मूल म्हणून पाहत नाही.

कायद्यात पाळणाघर आहे, हेही सांगते. जुन्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आलं, दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा आली. रोजगार हमीच्या कायद्यात तर फारच चांगलं कलम आहे : कामाच्या जागी सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला लावायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. बायांनो, हे कलम अमलात आलेलं तुमच्यापैकी कितीजणींनी पाहिलंय? हात वर नका करू, अध्यक्षांना अवघड होईल.

आणि खोपोलीच्या कारखान्यांत, खालापूरच्या गोदामांत ठेकेदाराकडून लागलेली मुलगी? ती हजेरीपटावर कुणाची माणूस आहे हेच तिला माहीत नसतं. मग सव्वीस आठवडे कुणाकडे मागायचे? भट्टीवरच्या आणि शेतावरच्या बाईच्या वाट्याला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये, तेही आधार, बँक आणि अर्ज यांतून वाट काढत.

बापाचं नाव अजून घेतलं नाही असं काहींना वाटत असेल. राज्य सरकारने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, चांगलं केलं. पुरुषाला ती कधी? पत्नी हयात नसेल तर. किंवा ती असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. आई धडधाकट असेपर्यंत बाप हा पालक आहे हे शासन मानायलाच तयार नाही. आणि समाजाचं तरी काय? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकामात जातात असं आढळलं. पुरुषाची ९७, आणि ती फक्त अशा पुरुषांची, जे घरकामाला मुळात हात लावतात. तेव्हा ‘आई कामावर परतली’ हा शब्दप्रयोग मला चालत नाही. ती एका कामावरून दुसऱ्यावर गेली, पहिलं तसंच ठेवून.

आता त्या मधल्या हातांकडे येते. २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकेचं मानधन दहा हजार रुपये झालं, मदतनीस ताईचं साडेपाच हजार. मूल रडलं की त्याला उचलते ती मदतनीस. शी-शू बघते, नाक पुसते ती मदतनीस. सेविका आहार, नोंदी, गृहभेटी, वजनं, लसीकरण, सर्वेक्षण हे सगळं करून उरलेल्या वेळात शिकवते. शासनाने दिलेले मोबाइल चालत नाहीत, ॲप इंग्रजीत आहे, म्हणून २०२१ मध्ये या बायकांनी ते फोन परत नेऊन दिले होते, आठवत असेल. ४ डिसेंबर २०२३ पासून त्यांचा संप झाला, पन्नासहून जास्त दिवस चालला. त्या दिवसांत अंगणवाडीचं कुलूप पाहून लोकांना पहिल्यांदा कळलं की इथे रोज काहीतरी घडत होतं. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. त्यासाठी गुजरातेतल्या दाहोदच्या बायकांना दिल्लीपर्यंत भांडावं लागलं. सरकारचं म्हणणं काय होतं? या नोकर नाहीत, मानसेवी आहेत.

इथे मला शिक्षकदिनाच्या भाषणांचा राग येतो. शिक्षिका म्हणजे दुसरी आई, असं आपण म्हणतो. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण पहिल्या आईला पगार द्यायचा नसतो, आणि म्हणून दुसरीलाही दिला नाही तरी चालतं, असा सोयीचा अर्थ त्यातून निघतो. सेविका ही पगारी, प्रशिक्षित, रजा घेणारी आणि निवृत्त होणारी कामगार आहे, असं मानलं तर मूल अधिक नीट वाढेल. ती स्वतःही कुणाची तरी आई आहे. तिचं मूल कुठे असतं, हे कधी विचारलंय?

आता आपल्या शिक्षकांविषयी, म्हणजे माझ्याच जातभाईंविषयी बोलते. पालकसभा आपण कधी घेतो? शनिवारी किंवा आठवड्यात मधेच, सकाळी अकराला. ज्या आईची मजुरी बुडते ती येत नाही. मग आपण पालकसभेच्या वहीत लिहितो : पालकांचा प्रतिसाद कमी. येते ती नोकरी सोडून घरी बसलेली आई, किंवा एखादा रिकामा काका. गुणपत्रक कुणाच्या हाती द्यायचं, कुणाला बोलवायचं, कुणावर रागवायचं, हे सगळं आपण अजूनही घरी आई आहे असं धरूनच ठरवतो. ‘उद्या आईला घेऊन ये’ या एका वाक्याची किंमत भट्टीवर एका दिवसाची मजुरी आहे. संध्याकाळी सातला, वाडीवरच्या समाजमंदिरात सभा घेतली तर आया येतात, बापही येतात. मी घेऊन पाहिल्यात. त्रास होतो, एसटी चुकते, घरून बोलणी बसतात. पण सभा भरते.

शिक्षकाने किती करावं यालाही मर्यादा आहे, आणि आश्रमशाळांनी ती दाखवली. पाथरज, भालिवडीसारख्या ठिकाणच्या शासकीय आश्रमशाळांमुळे स्थलांतर करणाऱ्या घरांतली किती मुलं शिकली हे या तालुक्याला माहीत आहे. आई-बाप सहा-सहा महिने भट्टीवर, मूल आश्रमशाळेत. गुरुजी आणि अधीक्षिका हेच त्याचं घर. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. त्या रात्री आश्रमशाळांत निजलेली वाडीची मुलं वाचली, आणि त्यातल्या काहींना सकाळी आई-वडील राहिले नव्हते. शाळेने मूल वाढवणं हा त्या सकाळी कुणासाठीही चर्चेचा विषय उरला नाही.

पण याच आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंच्या चौकशीसाठी २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीची गरज पडली, हेही विसरता येत नाही. तापाने फणफणलेलं मूल रात्री कुणाला उठवणार? शंभर मुलांमागे एक अधीक्षिका असेल तर तिचं मन कितीही मोठं असो, तिला दोनच हात आहेत. शिक्षकाने पालक व्हावं अशी अपेक्षा ठेवायची असेल तर आधी मुलं मोजायला हवीत. भट्टीवरच शाळा नेण्याचा प्रयत्नही झाला आहे. वसई-भिवंडीकडे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या ‘विधायक संसद’ या संस्थेने १९९०च्या दशकात भोंगाशाळा चालवल्या. मूल आईजवळ राहिलं आणि पाटीही हातात राहिली. ताराबाईंच्या कुरणशाळेचीच ही नात. माझा कल या वाटेकडे आहे. सात वर्षांच्या मुलाला आईपासून सहा महिने लांब ठेवून शिकवण्यापेक्षा शिक्षक सहा महिने लांब गेलेला मला परवडतो.

कळंबमध्ये काय करता येईल? ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावा लागतो. तो बहुतेक वेळा शिलाई यंत्रं, सतरंज्या आणि खुर्च्यांवर जातो. या खुर्च्याही बहुधा त्यातल्याच असतील. त्यातून आवणीच्या आणि कापणीच्या महिन्यांत, एका वाडीपुरतं, सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंतचं पाळणाघर काढता येईल. जागा अंगणवाडीचीच, दुपारनंतर तर ती रिकामीच असते. दोन बायका लागतील. त्यांना मजुरीच्या दराने पैसे द्यायचे, बक्षीस म्हणून नव्हे. रोजगार हमीचं काम चालू असेल तेव्हा त्या कलमाखाली तिसरी बाई मागायची, लेखी मागायची आणि पोच घ्यायची. शाळेने एवढं करावं की ज्या मुली भावंडामुळे गैरहजर राहतात त्यांची यादी ‘घरकाम’ असं न लिहिता भावंडाच्या वयासकट ग्रामपंचायतीला द्यावी. ती यादी हाती आली की वाडी कुठली निवडायची हे वेगळं ठरवावं लागणार नाही.

१ मेला ग्रामसभा असते. त्याआधी महिलांची सभा व्हावी लागते. हा विषय तिथे मांडा, ठरावाला अनुमोदन द्यायला मी येते. सरपंचांना माझी एकच सूचना आहे, वेळ अकराची ठेवू नका.